नकाराचे प्रकार

आयएसडीएनच्या, म्हणजे डिजिटल टेलिफोन लाइनच्या, काळात ज्यांनी दोन ऑफिसांची नेटवर्क जोडली आहेत, त्यांच्या कानात एक वाक्य कायमचं बसलेलं असतं: "आमच्याकडून सगळं बरोबर आहे." एका टोकाला एका कंपनीचा राउटर, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याच कंपनीचा, मध्ये टेलिफोन एक्स्चेंज. तिघांना फोन लावला की तिघांकडून हेच उत्तर यायचं. आणि गंमत अशी की तिघंही बहुतेक वेळा खरं बोलत असायचे. प्रत्येकाचं उपकरण स्टँडर्डमध्ये बसत होतं, तरीही लाइन लागत नव्हती. किंवा लागायची, थोडा वेळ छान चालायची आणि मग कुणालाही काही न सांगता बसकण मारायची. न लागणारी लाइन मला नेहमीच परवडायची. ही दुसरी जात फार छळायची.

या कामात मुरल्यावर माझं एक मत झालं आणि ते अजून बदललेलं नाही. होकार सगळ्या कंपन्यांचे राउटर सारखाच देतात. कॉल उचलला, नाव पटलं, पत्ता ठरला. यात वेगळेपणा दाखवायला फारशी जागाच नसते. कंपन्यांच्या तऱ्हा दिसतात त्या नकारात. कुणी कारण सांगून नाही म्हणतो, कुणी दुसरा पर्याय पुढे करतो, कुणी नुसताच गप्प बसतो, कुणी फोन आपटतो. त्यामुळे नवी जोडी समोर आली की तिच्या माहितीपत्रकातली वैशिष्ट्यं मी नंतर वाचायचो. आधी बघायचो की हा बॉक्स नाही कसं म्हणतो, आणि समोरच्याने नाही म्हटलेलं याला कळतं का.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. आयएसडीएन म्हणजे साध्या टेलिफोनच्या तांब्याच्या जोडीवरून घरापर्यंत आलेली डिजिटल लाइन. सीसीआयटीटी या टेलिफोनची स्टँडर्ड ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिच्या शिफारशी १९८४ मध्ये छापल्या आणि १९८८ मध्ये बऱ्याच सुधारल्या. छोट्या जोडणीत दोन बी-चॅनेल असायचे, प्रत्येकी ६४ किलोबिटचे, आणि एक १६ किलोबिटचा डी-चॅनेल. डेटा बी-वरून, एक्स्चेंजशी बोलणं डी-वरून. मॉडेमसारखी किंकाळी नाही, कॉल एखाद्या-दोन सेकंदांत लागायचा. म्हणून राउटरला एक नवीच युक्ती जमली: पलीकडच्या ऑफिससाठी पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, आलं की नंबर फिरवायचा, काम संपलं की फोन ठेवायचा. वापरणाऱ्याला वाटावं, लाइन कायमचीच आहे. हे 'वाटावं' टिकवण्यासाठी दोन्ही बॉक्सनी एकमेकांना दिवसभर पुन्हा पुन्हा गाठायचं आणि पुन्हा पुन्हा सोडायचं. कायम चालू असलेल्या भाडेतत्त्वावरच्या लाइनवर जी खोड महिन्यातून एकदा दिसली असती, ती इथे दर कॉलला दिसायची.

पहिली बोलणी एक्स्चेंजशी. क्यू.९३१ हे कॉल लावण्याचं स्टँडर्ड एकच होतं, पण बोली अनेक. उत्तर अमेरिकेत एटी अँड टीच्या ५ईएसएस एक्स्चेंजची एक, नॉर्टेलच्या डीएमएस-१०० ची दुसरी. त्यांना एका मापात आणायला बेलकोर या अमेरिकी टेलिफोन कंपन्यांच्या संशोधन संस्थेने नॅशनल आयएसडीएन-१ काढलं आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये 'ट्रिप ९२' नावाचं देशभर प्रात्यक्षिक झालं. जर्मनीत १टीआर६, फ्रान्समध्ये व्हीएन३, जपानमध्ये एनटीटीची आयएनएस६४. युरोपात २० देशांतल्या २६ टेलिफोन कंपन्यांनी १९८९ मध्ये एका करारावर सह्या केल्या आणि त्यातून युरो-आयएसडीएन आलं. राउटरच्या मेन्यूत मग 'स्विच टाइप' नावाची लांबलचक यादी असायची आणि त्यातलं योग्य नाव निवडणं हे इन्स्टॉल करणाऱ्याच्या नशिबावर.

चुकीचं नाव निवडलं तर काय होतं? बऱ्याचदा लगेच काहीच होत नाही. खालचा थर उभा राहतो, एक्स्चेंज राउटरला ६४ ते १२६ मधला एक टीईआय, म्हणजे लाइनवरच्या उपकरणाचा ओळख क्रमांक, देतं, स्क्रीनवर तो दिसतो, हिरवा दिवा लागतो. माणूस खूश. कॉल मात्र लागत नाही. अमेरिकेत त्यावर एसपीआयडीचा आणखी एक थर: स्वतःच्याच फोन नंबराला मागेपुढे काही आकडे जोडून बनवलेली ओळख, जी एक्स्चेंजला पटली नाही तर पुढचं सगळं खुंटलं. युरोपात उलटी गंमत होती. कॉल नसताना कित्येक एक्स्चेंज लाइन झोपवून ठेवायची, अगदी पहिल्या थरापर्यंत, म्हणजे तारेवरच्या सिग्नलपर्यंत. लाइन कायम जागी असणार असं गृहीत धरून बनवलेल्या राउटरला ती तुटलेली वाटायची आणि तो तशी अलार्मची बोंब ठोकायचा. टीईआय वीज आल्या-आल्या मागायचा की पहिल्या कॉलच्या वेळी, अशी एक निरुपद्रवी दिसणारी सेटिंग असायची. बरेच घोळ तिथेच मिटायचे.

आता नकाराकडे येतो. क्यू.८५० या शिफारशीत कॉल का तुटला याचे क्रमांक दिलेले आहेत. १६ म्हणजे नेहमीसारखा फोन ठेवला, १७ म्हणजे बिझी, ३४ म्हणजे चॅनेल शिल्लक नाही, ५७ म्हणजे या प्रकारच्या कॉलची तुम्हाला परवानगी नाही. हे क्रमांक कळायला लागले की माणसाला आपण तज्ज्ञ झाल्यासारखं वाटतं. मग एक दिवस १८ येतो.

१८ म्हणजे समोरून कुणीच उत्तर दिलं नाही. वाचणाऱ्याचा पहिला ग्रह असा होतो की पलीकडचा राउटर बंद आहे. पलीकडे फोन करावा तर तो चालू, दिवे हिरवे, आणि तिथला माणूस आपलं ते प्रसिद्ध वाक्य म्हणतो. खरं असं असतं की एका आयएसडीएन लाइनवर आठ उपकरणं बसू शकतात. एक्स्चेंज आलेल्या कॉलची हाक सगळ्यांना एकदम देतं आणि ज्याचा असेल त्याने उचलावा अशी अपेक्षा असते. ज्याचा नसेल त्याने काय करावं? स्टँडर्डने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत: ८८ क्रमांकाने 'माझ्याशी जुळत नाही' असं कळवा, नाहीतर दुर्लक्ष करा. दुर्लक्ष झालं की एक्स्चेंज काही सेकंद थांबतं, पुन्हा हाक देतं आणि शेवटी फोन करणाऱ्याला १८ पाठवतं. म्हणजे राउटर पूर्ण जागा असतो, कॉल आलेला बघतो, 'हा माझ्यासाठी नाही' असं ठरवतो आणि गप्प बसतो. इकडून पाहणाऱ्याला तो मेलेला दिसतो.

आणि माझ्यासाठी नाही असं तो का ठरवतो, तर नंबर जुळवण्याच्या पद्धतीवरून. एक्स्चेंज कधी पूर्ण नंबर पाठवतं, कधी शेवटचे काही आकडे. शिवाय नंबरासोबत त्याचा प्रकार सांगणारं एक छोटं खातं असतं, राष्ट्रीय की आंतरराष्ट्रीय की अज्ञात. प्रकार राष्ट्रीय असेल तर पुढचं शून्य गाळलेलं असतं. एका कंपनीचा राउटर आलेला नंबर उजवीकडून जुळवत यायचा, जेवढे आकडे मिळतील तेवढे. दुसऱ्याचा पहिल्या आकड्यापासून शेवटपर्यंत तंतोतंत जुळवायचा. तिसरा प्रकाराचं खातं बघून शून्य स्वतःच लावायचा आणि मग जुळवायचा. तिघांच्या सेटिंगमध्ये एकच नंबर लिहा. एक उचलेल, दोन गप्प बसतील. डी-चॅनेलचा डीबग, म्हणजे आतली बोलणी स्क्रीनवर छापायची सोय, चालू केला की कॉल येताना दिसतो, नंबर दिसतो आणि पुढे काही नाही. 'नंबर जुळला नाही म्हणून सोडून दिला' एवढी एक ओळ छापायला फर्मवेअर, म्हणजे बॉक्समधलं सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्याचं काय गेलं असतं, हा प्रश्न मी अनेक रात्री विचारलेला आहे.

५६ किलोबिटचा मामला याहून लबाड. अमेरिकेतल्या एक्स्चेंजना जोडणाऱ्या जुन्या ट्रंक लाइनवर प्रत्येक आठ बिटांतला एक बिट भरवशाचा नसायचा, म्हणून ६४ ऐवजी ५६. कॉल करणाऱ्याने तसं सांगायचं, मधल्या एक्स्चेंजनी ते पोहोचवायचं, घेणाऱ्याने त्या वेगाने उघडायचं. मधल्या एखाद्याने हा निरोप गाळला की घेणारा ६४ ने उघडतो. कॉल लागलेला दिसतो, दोन्हीकडे 'कनेक्टेड' लिहून येतं आणि एकही फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट, धड पोहोचत नाही. इथे नकार देणारं कुणीच नसतं. फक्त सीआरसीच्या, म्हणजे डेटा बिघडला का ते पाहणाऱ्या तपासणीच्या, चुकांचा आकडा वाढत जातो आणि तो आकडा मेन्यूच्या ज्या पानावर असतो त्या पानावर कुणी जात नाही.

बी-चॅनेल धड मिळाला तर त्यावर काय पाठवायचं हा पुढचा प्रश्न. प्रत्येक कंपनीची स्वतःची एक आवडती फ्रेम असायची आणि डिफॉल्ट बहुधा तीच. घरचे दोन बॉक्स असतील तर ते बघावंसुद्धा लागत नव्हतं. परक्याशी बोलायचं तर पीपीपी, सगळ्यांना सामाईक असलेलं स्टँडर्ड. ते १९९४ च्या जुलैत आरएफसी १६६१ मध्ये पक्कं झालं; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक घातलेले दस्तऐवज. आयएसडीएनवर ते कसं न्यायचं याची छोटी आरएफसी १६१८ त्याच वर्षी मे महिन्यात आलेली होती.

पीपीपीबद्दल मला खरोखर आदर आहे, आणि तो नकारामुळेच. ज्यांनी ते लिहिलं त्यांना ठाऊक होतं की दोन टोकांना वेगवेगळ्या कंपन्यांचा, वेगवेगळ्या वयाचा माल असणार. म्हणून एलसीपीच्या, म्हणजे पीपीपीतल्या सुरुवातीच्या अटी ठरवण्याच्या, बोलण्यात त्यांनी दोन वेगळे नकार ठेवले. नॅक म्हणजे तू काय म्हणतोस ते कळलं, पण ही किंमत चालणार नाही, ही घे. रिजेक्ट म्हणजे हा विषयच माझ्याकडे नाही, यादीतून काढ. समजा एकाने विचारलं, पासवर्ड तपासायला चॅप वापरू या. दुसऱ्याला फक्त पॅप येतं. त्याने नॅक करून पॅप सुचवायचं. त्याऐवजी त्याने रिजेक्ट केलं तर अर्थ होतो की मी ओळख पटवूनच देणार नाही. मग विचारणाऱ्याने फोन ठेवला तर त्याची काय चूक? एवढाच फरक, पण मी असे बॉक्स पाहिले आहेत की त्यांच्या लेखकाने हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरले होते. घरच्या भावंडाशी त्यांचं जमायचं, कारण तिथे नकाराची वेळच यायची नाही.

याची दुसरी बाजू म्हणजे नकार न ऐकणारे. एका टोकाने कॉलबॅकचा, म्हणजे समोरच्यानेच उलटा फोन करावा असा, पर्याय मागितला, समोरच्याने रिजेक्ट केला, यानंतर तो पर्याय वगळून नवी विनंती पाठवायची असते. एक बॉक्स तीच विनंती शब्दशः पुन्हा पाठवत राहायचा. पुन्हा रिजेक्ट. पुन्हा तीच. डीबगच्या स्क्रीनवर दोन ओळी आळीपाळीने वर सरकत राहायच्या आणि बघणाऱ्याला डुलकी लागायची. आरएफसीवाल्यांनी याचाही विचार केला होता: पाच नॅक होऊनही एकमत होईना तर पुढचे नॅक रिजेक्टमध्ये बदला, दहा विनंत्यांना उत्तरच मिळालं नाही तर सोडून द्या. दर विनंतीमागे तीन सेकंद, म्हणजे अर्ध्या मिनिटात निकाल. आणि याच्या अगदी उलट टोकाला ते भिडस्त. दोन्हीकडे 'समोरच्याने सुरुवात केली की मी बोलेन' अशी पॅसिव्ह सेटिंग. कॉल लागतो, बी-चॅनेल उघडतो, दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि मग कुणाचा तरी टाइमर संपतो. नियम कुणीच मोडलेला नसतो.

चॅपचा एक किस्सा जरा सविस्तर सांगतो, कारण मला वाटतं सगळं दुखणं त्यात एका बाइटमध्ये मावलेलं आहे. दोन टोकांवर दोन कंपन्यांचे राउटर. नावं आणि पासवर्ड तपासून घातलेले. लहान-मोठ्या लिपीचा घोळ नाही. तरी एका बाजूने दर वेळी नकार: 'अनोळखी नाव'. दोन्ही स्क्रीनवर नाव तंतोतंत सारखं दिसत होतं. दोन्ही कंपन्यांच्या मदत केंद्रांनी ते वाक्य म्हणून झालं होतं. शेवटी पॅकेट हेक्समध्ये, म्हणजे एकेक बाइट आकड्यांत, काढून बघितलं. चॅपचं उत्तर असं असतं: सुरुवातीला चार बाइटचं शीर्षक, मग एक बाइट लांबीचा, मग पासवर्डवरून काढलेल्या एमडी५ या खुणेचे सोळा बाइट आणि उरलेलं सगळं म्हणजे नाव. नाव पाच अक्षरांचं होतं. चार अधिक एक अधिक सोळा अधिक पाच, सव्वीस. पॅकेटच्या शीर्षकातला आकडा म्हणत होता सत्तावीस. शेवटच्या अक्षरानंतर एक शून्य बाइट चिकटलेला होता. सी भाषेत मजकुराच्या शेवटी तो असतोच; कुणीतरी नाव मोजताना तोही मोजला आणि पाठवून दिला.

स्क्रीनवर तो शून्य दिसणारच नव्हता, कारण छापणारा कोड शून्य आला की थांबतो. १९९६ च्या आरएफसी १९९४ मध्ये याबद्दल सरळ वाक्य आहे की नावाच्या शेवटी असा शून्य लावू नये. म्हणजे ही चूक आधीच कुणीतरी केलेली होती, पाहिलेली होती आणि लिहून ठेवलेली होती. या कंपनीच्या दोन बॉक्समध्ये मात्र ती कधीच दिसली नव्हती, कारण घेणारा कोडही त्याच घरचा. तोही शून्यापाशीच थांबायचा. आणि मला कळलं ते असं की तिसऱ्या एका कंपनीचा राउटरही तो शून्य गुपचूप गाळत होता, म्हणून त्याच्याशीही यांचं जमत होतं. आमचा दुसरा राउटर सत्तावीस म्हणजे सत्तावीस असं मानणारा निघाला. सगळ्यांच्या लेखी दोष त्याचा, कारण "बाकी सगळ्यांशी आमचं चालतं."

जॉन पोस्टेल यांनी १९८१ मध्ये टीसीपी या इंटरनेटच्या मूळ प्रोटोकॉलच्या आरएफसी ७९३ मध्ये एक तत्त्व घातलं होतं: स्वतः पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याकडून घेताना उदार राहा. इंटरनेट त्या तत्त्वावर वाढलं असं म्हणतात आणि ते बरंचसं खरंही असेल. पण राउटर जोडणाऱ्याच्या खुर्चीतून ते वेगळं दिसतं. उदार बॉक्स दुसऱ्याची चूक पोटात घालतो, चूक करणाऱ्याला कधीच पत्ता लागत नाही आणि पहिला काटेकोर बॉक्स आला की शिव्या त्याला पडतात. मी तेव्हा हे बोललो की लोक अतिरेकी म्हणायचे. २०२३ मध्ये आरएफसी ९४१३ निघाली, तीत जवळजवळ हाच मुद्दा सभ्य भाषेत मांडलेला वाचला आणि जरा बरं वाटलं.

यावर उपाय उदारपणा कमी करणं एवढाच नाही, गप्प न बसणंही आहे. पीपीपीच्या आरएफसीत 'मुकाट्याने टाकून द्या' असं अनेक ठिकाणी आहे, पण त्याच आरएफसीत त्याची व्याख्याही आहे: टाकून द्या, मात्र टाकलेलं पॅकेट नोंदवण्याची सोय ठेवा आणि मोजणी ठेवा. बहुतेकांनी पहिला अर्धा भाग वाचला.

मल्टिलिंक आलं आणि एकाऐवजी दोन कॉलची बोलणी सुरू झाली. दोन बी-चॅनेल मिळून १२८ किलोबिट, पॅकेटचे तुकडे दोन्हीवर वाटायचे, पलीकडे जोडायचे. १९९४ च्या नोव्हेंबरात आरएफसी १७१७, आणि १९९६ मध्ये तिच्या जागी १९९०. ॲसेंडसारख्या राउटर कंपनीने स्वतःची एमपी प्लस पद्धत बनवलेली होती, तीही मग आरएफसी १९३४ म्हणून छापली गेली. दुसरा कॉल आला की तो पहिल्याचाच जोडीदार आहे हे ओळखायचं कसं? ओळख पटलेल्या नावावरून आणि एंडपॉइंट डिस्क्रिमिनेटर नावाच्या एका खुणेवरून. एक बॉक्स दोन्ही बघायचा, एक फक्त नाव, एक फक्त खूण. जुळलं नाही तर तक्रार नाही. दुसऱ्या कॉलसाठी वेगळाच गठ्ठा उघडला जायचा, एकाच ऑफिसकडे जाणारे दोन रस्ते तयार व्हायचे आणि अर्धी पॅकेटं दुसऱ्या रस्त्याने कुठे तरी जायची.

दुसरा चॅनेल कधी जोडायचा हे प्रत्येक बॉक्स आपापल्या हिशोबाने ठरवायचा. एकाचा हिशोब जाणाऱ्या डेटावर, दुसऱ्याचा दोन्ही दिशांवर. एकाला वाटायचं आता गरज आहे, दुसऱ्याला लगेच वाटायचं गरज संपली. एक जोडतो, दुसरा तोडतो, पहिला पुन्हा जोडतो. आणि कॉलचं बिल दर जोडणीला. कधी तर दोघांनाही एकाच क्षणी गरज वाटायची आणि दोघंही एकमेकांना फोन लावायचे. उरलेला एकेक चॅनेल दोघांनी बाहेर जाण्यासाठी धरलेला, म्हणून दोघांनाही १७, बिझी. दोघांचे पुन्हा प्रयत्न करायचे टाइमर सारखे असतील तर हा तमाशा तसाच पुढे चालायचा. बीएसीपीने, म्हणजे १९९७ च्या आरएफसी २१२५ ने, यावर रीतसर बोलण्याची सोय केली: जोडू का, जोड, काढू का, नको. चांगली सोय होती, पण दोन्ही टोकांना असेल तर. माझी पद्धत अडाणी होती आणि कायम चालली: फोन लावायचं काम एकाच बाजूला द्यायचं. दुसऱ्या बाजूलाही द्यावंच लागलं तर टाइमर मुद्दाम वेगळे ठेवायचे.

कॉलबॅक हा तर नकारावरच उभा असलेला प्रकार. शाखेतला राउटर मुख्य ऑफिसला फोन लावतो, तिथला राउटर डी-चॅनेलवर नंबर ओळखतो, कॉल न उचलताच नाकारतो आणि स्वतः उलटा फोन करतो, म्हणजे बिल एकाच ठिकाणी येतं. इथे नकाराचा अर्थ 'थांब, मीच करतो' असा आहे. परक्या कंपनीच्या राउटरला ते कोण सांगणार? त्याला नकार दिसतो, तो तत्परतेने पुन्हा नंबर फिरवतो आणि उलटा येणारा कॉल त्याच्याच बिझी लाइनवर आपटतो. दुसरा एखादा २१ क्रमांक, म्हणजे 'कॉल नाकारला', बघून इतका दुखावतो की तो नंबर बराच वेळ पुन्हा लावायचाच नाही असं ठरवतो. पीपीपीच्या आतून बोलून करायचा कॉलबॅकही होता, आरएफसी १५७० मधला, आणि मायक्रोसॉफ्टचा सीबीसीपी त्याहून वेगळा. एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी. मेन्यूत मात्र एकच चौकोन, टिक करा अथवा करू नका.

कॉम्प्रेशनबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याला मी कधी माफ केलेलं नाही. स्टॅक एलझेडएस या डेटा दाबण्याच्या पद्धतीवर दोघांचं एकमत व्हायचं आणि तरी आत तपासणीच्या पद्धती वेगवेगळ्या असायच्या. दोन्हीकडचा आधी आलेल्या डेटाचा इतिहास एका बाइटने घसरला की लहान पिंग, म्हणजे लाइन तपासायची पॅकेटं, जायचे, मोठी फाइल अडकायची. बंद ठेवा.

राहिला फोन ठेवण्याचा प्रश्न, आणि माझ्या मते टिकाऊ जोडणीतला हाच खरा कठीण भाग. लाइन रिकामी आहे हे कशावरून ठरवायचं? रिप हा रस्ते सांगणारा प्रोटोकॉल दर ३० सेकंदांनी आपला तक्ता पाठवतो, नेटवेअर सर्व्हरची आयपीएक्स प्रोटोकॉलवरची मंडळी दर मिनिटाला घोषणा करतात, विंडोजची यंत्रं एकमेकांची नावं विचारत असतात. यातलं काय खरं काम आणि काय नुसती कुजबुज, हे प्रत्येक कंपनीने आपल्या मनाने ठरवलं होतं. काही बॉक्स पलीकडच्याच्या वतीने खोटी उत्तरं द्यायचे, म्हणजे कॉल न लावता इकडचे सर्व्हर समाधानी. पण दोन्ही टोकांनी सारखंच खोटं बोलायला हवं. एकाने उत्तर द्यायचं थांबवलं की दुसऱ्याकडचे सर्व्हर गायब. आणि एलसीपीचा इको, समोरचा जिवंत आहे का ते बघायची टिचकी: एका कंपनीच्या लेखी ती वाहतूक नाही, दुसरीच्या लेखी आहे. पहिला दर काही सेकंदांनी टिचकी मारतो, दुसऱ्याचा रिकामेपणाचा टाइमर दर वेळी शून्यावर येतो, लाइन रात्रभर उघडी राहते. महिन्याच्या शेवटी बिल आलं की सगळ्यांना एकदम आयएसडीएनमध्ये रस निर्माण व्हायचा.

फोन ठेवण्याचीही रीत असते. आधी एलसीपीवर टर्मिनेटची विनंती, तिला उत्तर, मग डी-चॅनेलवर कॉल तोडायचा. घाईचे बॉक्स पहिली पायरी गाळून थेट कॉल तोडायचे. समोरचा शहाणा असेल तर समजून घ्यायचा; नसेल तर त्याला वाटायचं, लाइन अपघाताने तुटली, आणि इमानेइतबारे तो लगेच पुन्हा फोन लावायचा. ज्याने ठेवला त्याला मग पुन्हा ठेवावा लागायचा. म्हणून जोडणी पास करण्याआधी मी लाइन चालू असताना वायर उपटून बघायचो, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. मग रीतसर फोन ठेवायला लावून बघायचो. दोन्ही बाजू साफ व्हायला हव्यात आणि पुढचं पॅकेट आलं की एकच कॉल लागायला हवा. जी जोडी यात पास झाली ती सहसा टिकली.

आता या लाइनच बंद होत चालल्या आहेत. जपानमध्ये २०२४ च्या जानेवारीपासून आयएनएसची डिजिटल डेटा सेवा आवरायला सुरुवात झाली. पण एलसीपी अजून जिवंत आहे. १९९९ च्या आरएफसी २५१६ मधून ते पीपीपीओईच्या, म्हणजे ईथरनेटवरच्या पीपीपीच्या, रूपाने ब्रॉडबँडमध्ये शिरलं आणि अनेक ठिकाणी अजून तेच नॅक-रिजेक्ट चालू आहेत. दोन कंपन्यांच्या फायरवॉलमध्ये आयपीसेक बोगदा, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी सांकेतिक जोडणी, उभा करायला बसलो की तर सगळं ओळखीचं वाटतं: दोन्हीकडे हिरवा दिवा, एका बाजूची पॅकेटं बेपत्ता, आणि फोनवर तेच वाक्य. आयुष्यमानाचे टाइमर वेगळे, समोरच्याने बोगदा सोडला तरी यांना पत्ता नाही.

एक सवय त्या दिवसांतली अजून सुटलेली नाही. अनेक राउटर सेटिंग छापताना फक्त डिफॉल्टपेक्षा वेगळं असेल तेच छापतात. फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीत कंपनीने एखादा डिफॉल्ट बदलला तर जुनी आणि नवी फाइल अक्षर न् अक्षर सारखी दिसते आणि वागणं बदललेलं असतं. नुसती सेटिंगची फाइल जपून ठेवण्यावर माझा म्हणूनच भरवसा नाही. जोडणी नीट चालत असते तेव्हाच दोन्ही टोकांचा डीबग चालू करून एक पूर्ण कॉल, नंबर फिरवण्यापासून फोन ठेवेपर्यंत, फाइलमध्ये उतरवून ठेवतो. पुढे कधी अपग्रेडनंतर लाइन रुसली की नवा कॉल त्या जुन्या नोंदीच्या शेजारी लावायचा आणि पहिला वेगळा नकार कुठे आला ते शोधायचं. मदत केंद्राला ती ओळ क्रमांकासकट वाचून दाखवली की संभाषणही जरा लवकर पुढे सरकतं.